चार वाटांनी येणारे पॉप-अप: एका मुद्रितशोधिकेच्या ब्राउझरचं प्रकरण

या प्रकरणातल्या बाई पुस्तकांचं मुद्रितशोधन करतात. त्यांचं नाव द्यायचं कारण नाही. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो, तेच इथेही चालेल. त्यांचं जवळजवळ सगळं काम ब्राउझरमध्ये होतं. एका टॅबमध्ये लेखकाची संहिता, शेजारी दोन-तीन शब्दकोश, संदर्भ तपासायला उघडलेली पानं, आणि प्रकाशकाशी बोलायला मेल. लॅपटॉप विंडोजचा, त्यावर क्रोम. अँटिव्हायरस चालू होता आणि अद्ययावतही होता.

तक्रार मात्र लांबलचक होती. काम करताना पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे' अशा चौकटी येत. त्या बंद करायला गेलं की नवा टॅब उघडे. शब्दकोशाचं नाव टाइप केलं की कधी भलतंच शोधपान समोर येई. लेख वाचायला घेतला की मजकुरावर मोठी चौकट पसरे. आणि एकदा तर अख्खा पडदा व्यापून, कर्कश आवाज करत, कॉम्प्युटर लॉक झाल्याचा इशारा आला, खाली फोन नंबरसकट. ताईंनी कुणाच्या तरी सांगण्यावरून एक पॉप-अप ब्लॉकर, म्हणजे न मागता उघडणाऱ्या खिडक्या अडवणारं साधन, टाकला, त्याने फरक पडेना म्हणून दुसराही टाकला. शेवटी 'व्हायरस शिरलाय, सगळं फॉरमॅट करून दे' म्हणत लॅपटॉप माझ्याकडे सोपवला.

फॉरमॅट करायची गरज नव्हती. त्याहून महत्त्वाचं म्हणजे फॉरमॅटने हा त्रास पूर्ण मिटलाही नसता, कारण त्याचा एक भाग ताईंच्या गूगल खात्याबरोबर सिंक होत होता, म्हणजे त्या खात्याच्या प्रत्येक यंत्रावर आपोआप पोहोचत होता. नव्या कोऱ्या विंडोजवर खातं उघडलं असतं की तो परत हजर झाला असता. त्यांना दिसणाऱ्या चौकटी चार निरनिराळ्या वाटांनी येत होत्या, आणि एका वाटेवरचा उपाय दुसऱ्या वाटेवर काडीचाही उपयोगी नव्हता. दोन ब्लॉकर घालूनही फरक पडला नाही तो यामुळेच.

आधी निरीक्षण

काहीही काढण्याआधी ताईंना नेहमीसारखं काम करायला बसवलं आणि शेजारी बसून पाहिलं. चौकट आली की तिला हात लावायचा नाही, फक्त तीन गोष्टी बघायच्या, असं ठरवलं. ब्राउझरची खिडकी खाली दडवल्यावरही चौकट दिसते का? चौकट पानाच्या आतच आहे, की तिच्यासाठी वेगळा टॅब किंवा खिडकी उघडली? आणि तेच पान क्रोमच्या गेस्ट विंडोमध्ये उघडलं तर चौकट येते का? गेस्ट विंडोत ना तुमची एक्स्टेंशनं (ब्राउझरला जोडलेली छोटी साधनं) असतात ना तुमच्या सेटिंग्ज, त्यामुळे ही तिसरी कसोटी फार कामाची. तिथे त्रास नसेल तर दोष त्या संकेतस्थळाचा नाही, तुमच्या प्रोफाइलमध्ये काहीतरी बसलं आहे.

कोपऱ्यातल्या चौकटी पहिल्याच कसोटीत उघड्या पडल्या. ब्राउझर दडवला तरी त्या येतच होत्या. नीट पाहिल्यावर चौकटीत बारीक अक्षरांत क्रोमचं आणि एका अनोळखी संकेतस्थळाचं नाव दिसलं. हे पॉप-अप नव्हेतच. ही नोटिफिकेशनं, म्हणजे संकेतस्थळाने क्रोममार्फत पाठवलेले संदेश.

पहिली वाट: ताईंनीच दिलेली परवानगी

इथे थोडा इतिहास सांगतो, कारण त्याशिवाय ब्लॉकर का हरला ते कळत नाही. जाहिरातीसाठी वेगळी खिडकी उघडण्याची युक्ती 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात आली आणि लोकांना नकोशी झाली. 2002 मध्ये मोझिला ब्राउझरच्या 1.0 आवृत्तीत अशा खिडक्या अडवण्याची सोय होती, 2004 मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक 2 बरोबर ती इंटरनेट एक्सप्लोररमध्येही आली. तेव्हापासून न विचारता उघडणारी खिडकी जवळपास प्रत्येक ब्राउझर स्वतःहून अडवतो. मग 2015 मध्ये क्रोमने संकेतस्थळांना नोटिफिकेशन पाठवण्याची मुभा दिली. मेल किंवा कॅलेंडरसाठी ती सोय खरोखर चांगली आहे. पण जाहिराती फेकणाऱ्यांना आयतीच नवी वाट मिळाली: एकदा 'अनुमती द्या' दाबलं की त्या संकेतस्थळाचा टॅब बंद असला तरी संदेश येत राहतात. खिडकी उघडलीच जात नाही, म्हणून पॉप-अप ब्लॉकरला अडवायला काही उरत नाही.

ताई म्हणाल्या, "मी असं काही दाबलेलंच नाही." सेटिंग्जमध्ये 'गोपनीयता आणि सुरक्षा', तिथून 'साइट सेटिंग्ज', तिथून नोटिफिकेशन असं गेल्यावर परवानगी मिळालेल्या संकेतस्थळांची यादी निघाली, आणि तीत बरीच अनोळखी नावं होती. कंट्रोल-एच दाबून इतिहासात त्यातलं एक नाव शोधलं, तेव्हा उलगडा झाला. एका पानावर 'तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अनुमती द्या दाबा' असं लिहिलेलं होतं. ही सरळसरळ फसवणूक आहे. माणूस असल्याची खरी चाचणी पानाच्या आत होते. तिला ब्राउझरच्या परवानगीच्या चौकटीची कधीही गरज लागत नाही.

यादीतली मेल आणि कॅलेंडर ठेवून बाकी सगळी काढली. त्याच पानावर वर एक पर्याय असतो, की संकेतस्थळांनी परवानगी मागूच नये. तो निवडला. फायरफॉक्सने 2020 च्या जानेवारीत आलेल्या 72 व्या आवृत्तीपासून ही विचारणा मुळातच दडवायला सुरुवात केली: तुम्ही पानावर काही कृती केल्याशिवाय चौकट उघडत नाही, पत्त्याच्या पट्टीत छोटीशी खूण तेवढी दिसते. क्रोमनेही त्याच सुमारास शांत विचारणेचा पर्याय आणला. माझं मत विचाराल तर मेल, कॅलेंडर, गप्पांचं एखादं साधन एवढं सोडून नोटिफिकेशनची परवानगी कुणालाच देऊ नये. बातमी तुम्हाला हवी असते तेव्हा तुम्ही तिच्याकडे जाऊ शकता.

कोपरा त्याच क्षणी शांत झाला. ताईंच्या तक्रारीचा निम्म्याहून मोठा भाग तेवढ्यावर संपला.

दुसरी वाट: मदतीला ठेवलेलं एक्स्टेंशन

भलतं शोधपान येण्याचा प्रकार गेस्ट विंडोत होत नव्हता. म्हणजे संशय एक्स्टेंशनांवर. ताईंच्या क्रोममध्ये त्यांनी घातलेले दोन ब्लॉकर होते, एक व्याकरण तपासणारं होतं, आणि पीडीएफ जोडून देणारं एक होतं, ते कधी घेतलं हे त्यांना आठवतही नव्हतं. सगळी बंद करून एकेक सुरू करत गेलो. पीडीएफवालं सुरू केलं की शोध दुसरीकडे वळत होता आणि शोधाच्या निकालांत जाहिराती घुसत होत्या. त्याला दिलेली परवानगी होती 'सर्व वेबसाइटवरील तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे'. पीडीएफ जोडायला इतर संकेतस्थळं वाचायची काय गरज, हा प्रश्न घेतानाच पडायला हवा, पण ती ओळ कुणी वाचत नाही.

असं एक्स्टेंशन पहिल्या दिवसापासून वाईट असतंच असं नाही. टॅब झोपवून मेमरी वाचवणारं 'द ग्रेट सस्पेंडर' वर्षानुवर्षं लोकांच्या विश्वासाचं होतं. 2020 मध्ये ते दुसऱ्याच्या ताब्यात गेलं आणि 2021 च्या फेब्रुवारीत त्यात घातक कोड असल्याचं सांगून गूगलने ते काढून टाकलं. अद्ययावत होणं आपोआप घडतं, त्यामुळे मालक बदलल्याचं वापरणाऱ्याला कळतही नाही. म्हणून एक्स्टेंशनांची यादी अधूनमधून उघडून, वापरात नसलेलं प्रत्येक काढून टाकणं हा सुरक्षेचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

पीडीएफवालं काढलं. मग शोधयंत्राची सेटिंग तपासली, ब्राउझर उघडताना कुठलं पान येतं ते तपासलं. सेटिंग्जमध्ये सर्वांत वर 'तुमचा ब्राउझर संस्थेकडून व्यवस्थापित केला जातो' अशी ओळ घरच्या कॉम्प्युटरवर दिसली तर प्रकरण अधिक खोल असतं, मग विंडोजमध्ये बसलेले प्रोग्रामही बघावे लागतात. इथे तसं काही नव्हतं.

दोन्ही ब्लॉकरही काढले. त्यातल्या एकाचा निर्माता कोण हेच कळेना. त्या जागी यूब्लॉक ओरिजिन लाइट बसवलं. मूळ यूब्लॉक ओरिजिन हे रेमंड हिल यांचं, 2014 पासूनचं, मुक्तस्रोत काम. क्रोमने एक्स्टेंशनांची जुनी रचना बंद केल्यावर त्याची पूर्ण आवृत्ती तिथे चालत नाही, लाइट आवृत्ती चालते. फायरफॉक्सवर पूर्ण आवृत्ती आजही चालते, आणि ज्याला हा विषय महत्त्वाचा वाटतो त्याने त्या एका कारणासाठीसुद्धा फायरफॉक्सचा विचार करावा असं मला मनापासून वाटतं. ब्लॉकर एकच ठेवायचा. दोन ठेवल्याने संरक्षण दुप्पट होत नाही. उलट पान मोडतं आणि कुणी मोडलं ते सापडत नाही.

तिसरी वाट: प्रत्येक क्लिकची किंमत

आता उरले खरेखुरे पॉप-अप, म्हणजे क्लिक केल्यावर उघडणारे नवे टॅब. ते फक्त काही मोजक्या पानांवर येत. 'ब्राउझर अडवतो म्हणतोस, मग हे कसे येतात?' हा ताईंचा प्रश्न अगदी रास्त होता.

ब्राउझरला पॉप-अप चांगला की वाईट हे कळत नाही. तो एवढंच पाहतो की वापरणाऱ्याने नुकतंच पानावर काही केलं का. माउसचं बटण दाबलं, कळ दाबली, किंवा स्पर्श करून बोट उचललं, की पानाला काही क्षणांपुरती सवलत मिळते. क्रोममध्ये ती साधारण 5 सेकंद टिकते. तेवढ्यात पानाने खिडकी उघडली की सवलत संपली, पुढच्या खिडकीसाठी पुन्हा क्लिक हवा. म्हणून लबाड पानं सगळ्या पानभर एक अदृश्य थर अंथरतात. तुम्ही कुठेही दाबा, पहिला क्लिक त्यांचा. फुलीचं खोटं चित्र याच जातीचं: बंद करायला म्हणून दाबायचं आणि तोच क्लिक नव्या खिडकीची परवानगी ठरायचा.

या नियमाची दुसरी बाजू वापरणाऱ्याच्या फायद्याची आहे. माउसचं चाक फिरवून पान सरकवणं यात मोजलं जात नाही. एस्केप मोजलं जात नाही. ब्राउझरने स्वतःसाठी राखून ठेवलेले कळफलकाचे शॉर्टकटही मोजले जात नाहीत. म्हणजे संशयास्पद टॅब कंट्रोल-डब्ल्यूने बंद केला, तर त्या पानाला तुमच्याकडून काहीही मिळत नाही. माउस पानावर नेऊन फुली शोधण्यापेक्षा हे वेगवान तर आहेच, पण सुरक्षितही आहे. कळफलकाचे शॉर्टकट लोकांना हौशी मंडळींची करामत वाटते. या प्रकरणात ते उपचाराचा अर्धा भाग ठरले.

साइट सेटिंग्जमधली 'पॉप-अप आणि रीडिरेक्ट' ही यादीही पाहिली. तीत एका पानाला कायमची मुभा दिलेली निघाली, ती काढली. पैसे भरण्याच्या किंवा अर्ज भरण्याच्या काही संकेतस्थळांना खिडकी उघडावीच लागते. तेव्हा पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे अडवल्याची खूण येते, तिथून फक्त त्या संकेतस्थळाला परवानगी द्यायची. सगळ्यांसाठी सेटिंग उघडी करायची नाही.

अख्खा पडदा व्यापणारा तो इशाराही याच वाटेने आला होता. ताईंनी त्या नंबरवर फोन केला नाही, हे फार चांगलं झालं. वेबपानाला तुमच्या कॉम्प्युटरची तपासणी करता येत नाही, त्यामुळे पानावर दिसणारा व्हायरसचा आकडा नुसतं चित्र असतं. मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितलं आहे की त्यांच्या त्रुटीच्या किंवा इशाऱ्याच्या संदेशात फोन नंबर कधीच नसतो. अशा वेळी एस्केप दाबून धरायचं, पडदा लहान झाला की कंट्रोल-डब्ल्यू. तेही चालेना, तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडून क्रोम बंद करायचं. नंतर क्रोम उघडल्यावर 'आधीची पानं परत आणू का' असं विचारतं, तिथे नाही म्हणायचं. ताईंनी हो म्हटलं होतं, म्हणून तो पडदा पुन्हा उभा राहिला आणि लॅपटॉप खरंच बिघडल्याची त्यांची खात्री पटली.

मुळाशी असलेली सवय

सफाई इथे पुरी झाली असती. पण ताई त्या पानांपर्यंत पोहोचत तरी कशा होत्या, हे बघितल्याशिवाय मी लॅपटॉप परत देणार नव्हतो. महिन्याभरात यादी पुन्हा भरली असती.

त्या रोज तेच चार शब्दकोश वापरत, आणि रोज प्रत्येक शब्दकोश नव्याने शोधून काढत. शोधपानावर नाव टाइप करायचं, पहिला दुवा दाबायचा. पहिला दुवा पुष्कळदा जाहिरात असते. त्यातूनच त्या एकदा शब्दकोशासारख्याच दिसणाऱ्या नकली पानावर गेल्या. पुढे तर पत्त्याची पट्टी स्वतःहून त्या नकली पानाचा पत्ता सुचवू लागली, कारण तो आता इतिहासात होता. टॅब इतके झाले होते की नावं दिसतच नव्हती, म्हणून उघडा असलेला शब्दकोश सापडेना आणि तोच पुन्हा शोधला जाई. प्रत्येक फेरीत अनोळखी पानावर दोन-चार क्लिक. वर सांगितलेली सवलत ताई दिवसातून कितीदा वाटत असतील, याचा अंदाज यावरून येईल.

आधी नकली सूचना घालवली. पत्त्याच्या पट्टीत ती आली की बाणाच्या कळीने तिच्यावर जायचं आणि शिफ्ट-डिलीट दाबायचं. ही कळ फार थोड्यांना ठाऊक असते, आणि चुकून टाइप केलेल्या पत्त्यांसाठीही ती रोज उपयोगी पडते.

मग खऱ्या शब्दकोशांना क्रोमच्या शोधयंत्रांच्या सेटिंगमध्ये 'साइट शोध' म्हणून जोडलं आणि प्रत्येकाला दोन अक्षरांची खूण दिली. आता ताई कंट्रोल-एल दाबून पत्त्याच्या पट्टीत जातात, खूण टाइप करतात, टॅब कळ दाबतात, शब्द लिहितात आणि एंटर. थेट त्या शब्दाच्या नोंदीवर. मध्ये शोधपान नाही, जाहिरात नाही, एकही क्लिक नाही. फायरफॉक्समध्ये बुकमार्कला कीवर्ड देऊन हेच करता येतं. मुद्रितशोधन, भाषांतर, पत्रकारिता, वकिली, ज्यांना दिवसभर त्याच दोन-चार ठिकाणी शोधायचं असतं, त्यांच्यासाठी मला ब्राउझरमधली ही सगळ्यात मोलाची सोय वाटते.

टॅबांसाठी फार काही शिकवलं नाही. संहिता आणि मेल पिन केले, म्हणजे ते कायम डावीकडे राहतात आणि कंट्रोल-1, कंट्रोल-2 ने मिळतात. बाकी गर्दीत हवा तो शोधायला कंट्रोल-शिफ्ट-ए. चुकून बंद झालेला परत आणायला कंट्रोल-शिफ्ट-टी. हा शेवटचा कळल्यावर ताई टॅब बंद करायला घाबरेनाशा झाल्या. टॅब साचण्यामागे आळस नव्हता, पान हरवेल ही धास्ती होती.

चौथी वाट: पूर्ण न मिटलेली

मजकुरावर पसरणाऱ्या चौकटी, म्हणजे 'सदस्य व्हा', 'वार्तापत्र घ्या', कुकीची (संकेतस्थळ ब्राउझरमध्ये ठेवतं त्या नोंदींची) संमती, या वेगळ्या खिडक्या नसतात. त्या पानाचाच भाग असतात. ब्राउझरच्या पॉप-अप सेटिंगचा त्यांच्याशी संबंध नाही. काय अडवायचं ते सांगणाऱ्या फिल्टर याद्या असलेला ब्लॉकर त्यातल्या बऱ्याच दडवतो, पण 'त्रासदायक घटक' या नावाने असलेल्या याद्या बहुधा आपण स्वतः सुरू कराव्या लागतात. त्या केल्या. लांब लेखांसाठी वाचन मोड दाखवला, तो चौकटींसकट सगळा पसारा बाजूला सारतो. विंडोजवर फायरफॉक्स आणि एजमध्ये तो एफ-9 ने उघडतो.

तरी काही चौकटी येतात आणि काही पानं त्या बंद केल्याशिवाय वाचूच देत नाहीत. कुकीच्या संमतीत सगळं स्वीकारण्याऐवजी नकाराचं बटण शोधायला ताईंना सांगितलं आहे. ते अनेकदा फिकट रंगात, बाजूला, दुसऱ्या पायरीवर ठेवलेलं असतं, आणि ही मांडणी जाणूनबुजून केलेली असते असं माझं ठाम मत आहे. एका शब्दकोशावर मात्र ताईंनी स्वतःहून ब्लॉकर बंद ठेवला. तिथल्या जाहिराती एका बाजूला शांत बसतात आणि तो कोश त्यांच्यावरच चालतो, असं त्या म्हणाल्या. त्यांचा हा निर्णय मला पटला.

फोन आणि दुसरा कॉम्प्युटर

ताईंचा घरी आणखी एक जुना कॉम्प्युटर आहे, त्याच खात्याने उघडणारा. तिथलं पीडीएफ एक्स्टेंशन सिंकमुळे आपोआप गेलं होतं. नोटिफिकेशनच्या परवानग्या मात्र प्रत्येक यंत्रावर स्वतंत्र असतात, त्या तिथे हाताने काढाव्या लागल्या. फोनवरही दोन संकेतस्थळं निघाली. अँड्रॉइड 8 पासून परवानगी मिळालेलं प्रत्येक संकेतस्थळ क्रोमच्या नोटिफिकेशन सेटिंगमध्ये वेगळ्या नावाने दिसतं, त्यामुळे तिथे शोधाशोध करावी लागली नाही. संदेश आला की त्यावर बोट दाबून धरायचं आणि तिथूनच ते बंद करायचं, हे ताईंनी दोन्ही संकेतस्थळांसाठी स्वतः केलं.